तारवातील आपण

सर्जापूर रोडवर समुद्र नाही. बंगळूर शहरातून आग्नेयेकडे जाणाऱ्या या रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, उंच निवासी संकुले आहेत, कार्मेलारामचे रेल्वे स्टेशन आहे आणि कैकोंड्रहळ्ळीसारखी जुनी तळीही आहेत. समुद्रकिनारा मात्र कित्येक तासांच्या वाटेवर आहे. तरीही गेल्या काही महिन्यांत माझ्या मनात जहाजांचा आणि होड्यांचाच विचार घोळत राहिला आहे. त्याचे कारण एक साधी भेट ठरली.

आमच्या संकुलात वरच्या मजल्यावर एक मराठी दांपत्य राहते. गृहस्थ निवृत्त अभियंते आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला असून त्याने आईवडिलांना कॅरिबियन समुद्रात आठ दिवसांच्या जलपर्यटनाला नेले होते. परत आल्यावर त्यांनी आम्हां उभयतांना चहाला बोलावले आणि दूरदर्शन संचाच्या पडद्यावर प्रवासाची छायाचित्रे दाखविली. अभियंत्याची दृष्टी असल्यामुळे त्यांनी निसर्गापेक्षा बंदरांतील जहाजेच अधिक टिपली होती. बारा-पंधरा मजली पांढरी प्रवासी जहाजे, त्यांना धक्क्याशी आणणाऱ्या ठेंगण्या टगबोटी, वाटाड्याची छोटी बोट, श्रीमंतांच्या शिडाच्या नौका आणि पलीकडे काठाला बांधलेल्या कोळ्यांच्या रंगीत होड्या असे सारे त्यांत होते. चित्रे खरोखर सुंदर होती. एका मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूस नावाखाली 'नासाऊ' हे अक्षर दिसत होते. जहाजाची नोंदणी बहामा बेटांत झाल्याची ती खूण, असे त्यांनी मला समजावून सांगितले.

त्यांतील एका चित्रात जहाजाच्या उंच पांढऱ्या कडेवर दोराने लोंबकळत एक मनुष्य रंग देत होता. एवढ्या चित्रांत दिसलेला तो एकटाच कामकरी. आमचे स्नेही सहज म्हणाले, "हा मध्येच आला, नाहीतर हा फोटो सर्वांत उत्तम आला असता." आम्ही सर्व हसलो. मीही हसलो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

निघताना त्यांनी मला विचारले, "भाऊसाहेब, आपण तर बायबलच्या भाषांतराचे काम करता. आपल्या ग्रंथात जहाजांविषयी काही आहे का हो?" मी म्हटले, "पुष्कळ आहे. सवडीने सांगेन." हा लेख म्हणजे त्या सवडीने दिलेल्या उत्तराचाच एक भाग आहे. मात्र उत्तर शोधता शोधता प्रश्नच बदलला. जे आपण आनंदाने पाहतो, त्याला उचलून धरणारी माणसे आपल्याला दिसत नसतील, तर त्या न दिसण्याचा दोष आपल्यावर येतो काय? असा तो प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जहाज पाहून आनंद होणे हे पाप नाही. एकशे चाराव्या स्तोत्रात कवी देवाच्या निर्मितीचे गुणगान करीत समुद्रापाशी येतो, तेव्हा जलचरांच्या जोडीला माणसाने बांधलेली जहाजेही त्याला दिसतात आणि तो त्यांचाही स्तुतीत समावेश करतो. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर आपल्या बुद्धीपलीकडच्या गोष्टी मोजतो, त्यांत भर समुद्रातून जाणाऱ्या तारवाचा मार्ग आहे. तेव्हा ज्यांना सुटी घेऊन समुद्र पाहावासा वाटला, त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा मला अधिकार नाही व इच्छाही नाही. विरक्तीचा आव आणून दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणे हा धर्म नव्हे.

परंतु पवित्र शास्त्रात जहाजांचे दुसरेही एक चित्र आहे. यहेज्केल संदेष्ट्याने सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगरीवर विलापगीत रचले, त्यात त्याने त्या व्यापारी नगरीलाच एका देखण्या जहाजाचे रूप दिले आहे. फळ्या सनीरच्या, डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओक वृक्षांची, शीड मिसरच्या तागाचे. वल्ही मारणारे सीदोन आणि अर्वद येथले, फटी बुजविणारे गबाल येथले. एखाद्या बंदरात दिवसभर बसून जहाज न्याहाळल्याशिवाय असे वर्णन सुचणार नाही. पण या सौंदर्याच्या यादीपाठोपाठ मालाची यादी येते आणि त्या मालात संदेष्टा माणसांचे जीवही नोंदवून ठेवतो.

सहा शतकांहून अधिक काळ लोटल्यावर योहानाने हीच यादी डोळ्यांपुढे ठेवून प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय लिहिला. त्या वेळी सोरची जागा रोमने घेतली होती. तेथे २८ वस्तूंची गणना आहे. सोने, रुपे, रत्ने, मोती यांपासून ती सुरू होते. तलम वस्त्रे, हस्तिदंत, संगमरवर, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरे, मेंढरे, घोडे आणि रथ अशी ती उतरत जाते आणि अगदी शेवटी माणसांपाशी येते. मूळ ग्रीकमध्ये येथे 'सोमाटा' म्हणजे 'शरीरे' असा शब्द आहे. ग्रीक बाजारात गुलामांसाठी हाच शब्द रूढ होता. विकणाऱ्याला व घेणाऱ्याला शरीरच हवे असे. योहान बाजाराचा हा शब्द लिहितो, आणि लगेच यहेज्केलाचा शब्द त्याला जोडतो: 'प्सुखे', म्हणजे मनुष्यांचे जीव. या ठिकाणी वाक्यातील विभक्तीही बदलते. भाषांतर करताना या बदललेल्या विभक्तीपाशी मी नेहमी अडखळतो. मला वाटते, लिहिणाऱ्यालाही येथे क्षणभर थांबावेसे वाटले असावे. तुम्ही ज्यांना शरीरे म्हणून वहीत मांडता ते जीव आहेत, असे त्याने एका शब्दाची भर घालून सांगितले.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट तीन वेळा येते. नगरी जळत असता राजे दूर उभे राहतात, व्यापारी दूर उभे राहतात आणि तारवांचे सुकाणूदार व खलाशीही दूर उभे राहतात. सारे रडतात. पण ते रडतात बुडालेल्या धंद्यासाठी. यादीच्या शेवटी जे जीव होते, त्यांच्यासाठी कोणी रडल्याचे योहानाने लिहिलेले नाही.

आता कॅरिबियन समुद्राकडे वळू. आमच्या स्नेह्यांच्या चित्रांत जमैका बेटावरील फालमाउथ हे बंदर होते. तेथे २०११ साली प्रवासी जहाजांसाठी मोठा धक्का सुरू झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या त्या ठेंगण्या गावापुढे आजचे जहाज उभे राहिले, की जहाजच शहर वाटते आणि शहर होडी वाटते. परंतु याच बंदरातून एके काळी साखर बाहेर जात असे आणि ती पिकविण्यासाठी आफ्रिकेतून माणसे आणलेली असत. त्या व्यापारात उतरलेल्या पहिल्या इंग्रज कप्तानांपैकी जॉन हॉकिन्स १५६४ साली दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा राणी एलिझाबेथने त्याला आपले एक जहाज दिले होते. त्या जहाजाचे नाव होते 'जीझस ऑफ ल्यूबेक'. आपल्या तारणाऱ्याचे नाव ज्याच्यावर कोरलेले, त्याच तारवाच्या पोटात साखळदंडांनी बांधलेली माणसे होती. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते लिहिले पाहिजे.

आपल्याला अधिक जवळची अशी आणखी एक गोष्ट आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि कोल्हापूर भागांतील अनेक कुटुंबांच्या आठवणीत एस.पी.जी. मिशनचे नाव आदराने घेतले जाते. शाळा, दवाखाने, वसतिगृहे असे त्या मिशनचे ऋण मोठे आहे. याच संस्थेला १७१० साली क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याच्या मृत्युपत्राने बार्बाडोस बेटावरील उसाचे मळे मिळाले आणि मळ्यांबरोबर गुलामही मिळाले. त्या गुलामांच्या छातीवर काही काळ तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जात असे. सुवार्ताप्रसारासाठी स्थापन झालेल्या मंडळीच्या संस्थेची ती खूण होती. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई ठरली. ती गुलामांना मिळाली नाही, मालकांना मिळाली. कॉड्रिंग्टनच्या ४११ गुलामांबद्दल संस्थेला सुमारे ८८०० पौंड मिळाले. इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेने २००६ साली या पापाबद्दल क्षमायाचना केली.

ज्यांनी हे केले ते दुष्ट होते असे म्हणून आपण सुटू शकत नाही. ते प्रार्थना करणारे लोक होते. लंडनमध्ये बसून जमाखर्च तपासणाऱ्या त्या सज्जनांच्या वहीत ते ४११ जीव 'शरीरे' म्हणूनच मांडले गेले. मधल्या समुद्राने त्यांना दूर उभे राहण्याची सोय करून दिली होती.

मात्र त्याच बेटांवर त्याच काळी दुसऱ्या प्रकारची माणसेही होती. जमैकात सॅम्युएल शार्प नावाचा बाप्टिस्ट डीकन, जो स्वतः गुलाम होता, त्याने १८३१ च्या नाताळात आपल्या लोकांना काम बंद ठेवण्यास सांगितले. त्यातून मोठा उठाव झाला आणि मे १८३२ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. फालमाउथचा मिशनरी विल्यम निब इंग्लंडला गेला आणि आपण डोळ्यांनी पाहिलेले गावोगावी सांगत फिरला. ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री, पूर्ण मुक्ती मिळाली त्या क्षणी, फालमाउथच्या मंडळीने एक शवपेटी पुरली. तिच्यात साखळी, चाबूक आणि गळ्यातील लोखंडी कडे ठेवले होते. प्रवासी जहाजातून उतरणाऱ्यांपैकी ज्याला ही शवपेटी ठाऊक आहे त्याला तेच बंदर वेगळे दिसेल.

गुलामगिरी संपल्यावर उसाला हात हवेच होते. मग आपल्या देशातून करारबद्ध मजूर गेले. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले. १९१७ साली ही वाहतूक बंद होईपर्यंत कॅरिबियन प्रदेशात सुमारे पाच लाख हिंदी माणसे गेली. म्हणजे तो समुद्र आपल्यालाही परका नाही.

येथे कोणी म्हणेल, "हा सर्व जुना इतिहास झाला. आजच्या प्रवासी जहाजावरचा नोकर गुलाम नाही. तो स्वखुशीने अर्ज करतो, पगार घेतो, घर बांधतो." हे म्हणणे खरे आहे आणि ते खरे आहे असे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मुंबईत माझगाव आणि धोबीतलाव भागांत गोवेकर खलाश्यांचे 'कूड' असत. एकेका गावाची मंडळी तेथे एकत्र राहून जहाजाच्या बोलावण्याची वाट पाहत. वसईपासून गोव्यापर्यंत अशी कितीतरी ख्रिस्ती घरे आहेत, की ज्यांच्या भिंती बोटीवरच्या पगारातून उभ्या राहिल्या. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान खलाश्यांच्या घरांचीही तीच कथा आहे. पर्यटक गेलेच नाहीत तर या घरांची चूल कशी पेटणार? गुलामगिरी व कष्टाची नोकरी यांना एका तराजूत घालणे म्हणजे ज्यांनी साखळदंड भोगले त्यांचाच अपमान होय.

तरीही दोहोंत एक धागा समान राहतो आणि तो म्हणजे न दिसणे. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीस निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर सात हजारांहून अधिक प्रवासी राहू शकतात आणि त्यांच्या सेवेला दोन हजार तीनशेहून अधिक कर्मचारी असतात. एवढे मनुष्यबळ असूनही प्रवाशाच्या छायाचित्रात ते येत नाही. त्यांच्या खोल्या पाण्याच्या पातळीजवळ आणि खिडकीविना असतात. जहाजाची मालकी एका देशात, नोंदणी बहामा, पनामा किंवा लायबेरियात, नोकरांची भरती आपल्याकडे किंवा फिलिपाइन्समध्ये, अशी व्यवस्था असते. म्हणजे कष्ट करणाऱ्याने दाद कोणाकडे मागावी हाच प्रश्न समुद्रावर तरंगत राहतो. सागरी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली मंजूर झाला, २०१३ पासून अमलात आला आणि भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. खलाश्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे, एवढी साधी गोष्ट लिहून ठेवण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले असे नाही, पूर्वीही नियम होते. परंतु हा नियम आजही करारात स्पष्ट लिहावा लागतो, यावरून काय समजायचे ते समजावे. आणि २०२० च्या महामारीत प्रवासी आपापल्या घरी पोहोचल्यावरही हजारो भारतीय कर्मचारी कित्येक आठवडे आणि महिने रिकाम्या जहाजांवर अडकून पडले होते, हे गोव्यातील आणि मुंबईतील घरे विसरलेली नाहीत.

आता मी माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. प्रकटीकरणाच्या यादीत शेवटी असलेला 'प्सुखे' हा शब्द नव्या करारात आणखी एका जहाजाच्या कथेत येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौल कैदी म्हणून रोमला निघाला आहे. जहाज आलेक्सांद्रियाचे आहे, त्यात गहू भरलेला आहे. म्हणजे योहानाच्या यादीत ज्या व्यापाराचे वर्णन आहे, त्याच व्यापारातील हे एक जहाज. चौदा दिवस वादळात भरकटल्यावर पहाटे पौल सर्वांना अन्न घेण्याची विनंती करतो, भाकर घेऊन सर्वांसमक्ष देवाचे आभार मानतो आणि ती मोडतो. त्या ठिकाणी लूक गणती देतो: तारवात आम्ही सर्व मिळून २७६ जीव होतो. शब्द तोच, 'प्सुखे'. त्या संख्येत शताधिपती आहे, शिपाई आहेत, कैदी आहेत. थोड्याच वेळापूर्वी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडीतून पळून जाऊ पाहणारे खलाशी आहेत. थोड्याच वेळाने कैद्यांना ठार मारण्याचा बेत करणारे शिपाई आहेत. लूकाने कोणाला वगळले नाही आणि पदाप्रमाणे वेगळेही काढले नाही. आणि ही गणती झाल्यावर गहू समुद्रात टाकला जातो. योहानाच्या यादीत गहू वर आणि जीव खाली होते. येथे गहू पाण्यात गेला आणि जीव मोजून राखले गेले.

भाषांतरकाराला येथे आणखी एक प्रश्न पडतो. ग्रीक भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द नाहीत. इंग्रजीत नाहीत, हिंदीत नाहीत, आणि माझ्या अवतीभवती बोलल्या जाणाऱ्या कन्नडातही दोहोंना मिळून एकच 'नावु' आहे. मराठीत मात्र भेद आहे. तो गुजरातीत आहे, तमिळ आणि तेलुगूतही आहे. ऐकणाऱ्याला वगळले की 'आम्ही', त्याला सामावून घेतले की 'आपण'. त्यामुळे मूळ लेखकाला जे ठरवावे लागले नाही ते मराठी भाषांतरकाराला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. लूक ज्या थियफिलाला लिहितो तो तारवात नव्हता, म्हणून गणतीच्या वाक्यात 'आम्ही' हेच योग्य. परंतु पौल तारवावरील लोकांशी बोलतो, तेव्हा काय? प्रवासाच्या आरंभी तो बजावतो, की या सफरीत माल आणि तारू यांचीच नव्हे तर जिवांचीही हानी होईल. हे जीव 'आमचे' की 'आपले'? पुढे तो सांगतो, की कोणत्या तरी बेटावर जाऊन आदळावे लागेल. कोणाला? येथे 'आम्हांला' असे लिहिले तर पौल आणि त्याचे सोबती एकीकडे व इतर सारे दुसरीकडे असे होईल. मराठीच्या व्याकरणाला येथे 'आपण'च लिहावे लागते. साखळीतील कैदी आपल्या पहारेकऱ्यांना 'आपण' म्हणतो! नीतिशास्त्राची जाड पुस्तके जे सांगतात ते आपल्या भाषेने एका सर्वनामात साठवून ठेवले आहे, असे मला वाटते.

हे मला कार्यालयातील मेजावर समजले, असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. ते मला सर्जापूर रोडवर, एका होडीत समजले.

वाचकांना आठवत असेल, सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरच्या या भागात पुराचे पाणी शिरले होते. तळ्यांतून तळ्यांत जाणारे जुने ओढे बुजवून त्यांवर वस्ती उभी राहिली आणि एका रात्रीच्या मुसळधार पावसाने पाण्याने आपली वाट परत मागितली. सर्जापूर रोडलगतच्या वसाहतींतून माणसे ट्रॅक्टरवर आणि रबरी होड्यांतून बाहेर काढली गेली. आम्ही त्या वेळी अशाच एका सखल वसाहतीत तळमजल्यावर राहत होतो. सकाळी आमच्या दाराशी एक रबरी होडी आली. तीत माझी पत्नी, शेजारच्या वृद्ध आजी, त्यांचा नातू आणि मी असे बसलो. माझ्या मांडीवर मसुद्याच्या कागदांची पेटी होती. वसाहतीचा पहारेकरी छातीपर्यंत पाण्यात उतरून दोर ओढत होता. तो ईशान्येकडून आलेला तरुण होता. पाण्याखालचा रस्ता दिसत नव्हता, म्हणून तो पायाने चाचपत पुढे जाई. एके ठिकाणी तो खड्ड्यात पडला, गळ्यापर्यंत बुडाला, पण दोर त्याने सोडला नाही. त्या क्षणी मी पेटी उंच धरली. पवित्र शास्त्राचे कागद भिजू नयेत, याचीच मला चिंता होती.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी साक्ष दिली, की देवाने आम्हां चौघांना सुखरूप बाहेर काढले. घरी येताना पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, चार नव्हे, पाच. दोर ओढणारा कोण होता?" मी उत्तरलो, "पण तो होडीत नव्हता." माझे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक होते. ती काही बोलली नाही. मीही नंतर बोललो नाही, कारण आपण काय बोलून गेलो ते मला कळले होते. होडी तरंगत होती ती ज्याच्या बळावर, त्यालाच मी होडीच्या गणतीतून वगळले होते आणि तेही देवाचे आभार मानताना.

काही दिवसांनी मी त्याची चौकशी केली. पहारेकरी पुरविणाऱ्यांनी त्याला दुसरीकडे पाठविले होते. त्याचे नाव मी त्या दिवशी विचारले नव्हते आणि पुढे ते मला कळले नाही. छायाचित्रात मध्येच आलेला तो रंगारी पाहून मी हसलो खरा, पण रात्री झोप आली नाही याचे कारण हेच होते. आमच्या स्नेह्यांनी निदान त्याचे चित्र तरी आणले. मी तेवढेही केले नव्हते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे द्यावेसे वाटते. जे आपल्याला दिसले नाही त्याचा दोष प्रत्येक वेळी आपला नसतो. जगातील सर्व कष्ट एका माणसाच्या नजरेत मावत नाहीत. परंतु दिसले असताना गणतीतून वगळणे, किंवा दिसू नये अशा सोयीच्या अंतरावर उभे राहणे, हा दोष मात्र आपला आहे. लंडनच्या त्या संस्थेला समुद्राचे अंतर होते. मला तर केवळ एका दोराचे अंतर होते, आणि तेवढेही पुरले.

कोणी विचारील, मोजल्याने काय होते? नाव विचारल्याने कोणाचा पगार वाढतो काय? वाढत नाही. गणतीने पोट भरत नाही, हे मान्य. पण जो गणतीत नाही त्याच्यासाठी कायदाही होत नाही. लहानपणी आम्ही माझगावला आत्याकडे जात असू. भाऊच्या धक्क्यावर उभी राहिली की आत्या 'रामदास' बोटीची आठवण काढी. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ती बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आत्या एवढेच म्हणे, "सणाला घरी चालले होते रे सगळे." आकड्याला चेहरा देणारे ते वाक्य होते. विल्यम निबने इंग्लंडमध्ये जाऊन हेच केले. जी 'शरीरे' म्हणून ठाऊक होती त्यांना त्याने माणसे म्हणून लोकांपुढे उभे केले आणि मग पार्लमेंटला कायदा करणे भाग पडले. विश्रांतीचे तास, घरी परतण्याचा खर्च, थकलेला पगार यांविषयीचे आजचे नियम म्हणजेही शेवटी गणतीच होय. ही माणसे आपल्यात मोडतात, असे कागदावर लिहून दिलेले वचन.

म्हणून ज्यांना देवाने समुद्रपर्यटनाची संधी दिली आहे, त्यांनी ते अवश्य करावे. खोली झाडणाऱ्याचे नाव विचारावे, तो कोणत्या गावचा, घरी केव्हा जाणार, हे विचारावे. उतरलेल्या बंदराची जुनी कथा जाणून घ्यावी. आपल्या मंडळीत खलाश्यांची कुटुंबे असतील तर रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांची नावे घ्यावीत. आणि जे कोठेच जात नाहीत, त्यांनी आपल्या दाराशी उभा असलेला पहारेकरी, लिफ्ट पुसणारी बाई, सामान पोहोचविणारा मुलगा यांना 'आम्ही'च्या बाहेर ठेवले आहे काय, हे तपासून पाहावे. तारू प्रत्येकाच्या घराशी आहे.

मार्काच्या चौथ्या अध्यायात शिष्य वादळात सापडलेल्या होडीत झोपलेल्या प्रभूला जागे करतात आणि बुडत असल्याचे ओरडून सांगतात. मूळ भाषेत तेथेही एकच रूप आहे. 'आम्ही' बुडतो आहोत, की 'आपण'? भाषांतरकारांच्या बैठकीत यावर नेहमी चर्चा होते. शिष्यांना काय म्हणायचे होते हे ठरविणे कठीण आहे. घाबरलेल्या माणसाला सहसा 'आम्ही'च सुचते. परंतु ज्याला ते हाक मारीत होते, तो मात्र त्याच होडीत, त्याच लाटांवर होता. त्याने काठावर दूर उभे राहणे पसंत केले नव्हते.

मार्काने त्याच ठिकाणी एक लहानशी नोंद केली आहे, जी वाचताना सहज नजरेतून सुटते: त्या रात्री त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. पुढे त्यांचे काय झाले ते कथेत येत नाही. त्यांत कोण होते, त्यांची नावे काय, आपल्याला ठाऊक नाही. पण वारा थांबला तेव्हा तो त्यांच्यासाठीही थांबला. आमच्या वरच्या मजल्यावरील स्नेह्यांना आता मी एवढेच सांगणार आहे: होय, आमच्या ग्रंथात जहाजे पुष्कळ आहेत आणि त्या दोरावरच्या रंगाऱ्याचा फोटो पुसून टाकू नका. त्याची एक प्रत मला हवी आहे.